लिझ्यूच्या मठातली शेवटची दीड वर्षे

आमच्या चर्चमध्ये डाव्या बाजूला बाळ येशूच्या संत तेरेजाचा पुतळा आहे. हातात क्रूस, क्रुसाभोवती गुलाबाची फुले आणि चेहऱ्यावर प्रसन्न भाव. श्रद्धा म्हणजे असेच अखंड प्रसन्न असणे, ही माझी समजूत त्या पुतळ्याकडे पाहतच घडली. आईच्या अखेरच्या आजारपणात जपमाळेचे मणी ओढताना पलीकडे कोणी ऐकतच नाही असे मला वाटू लागले, तेव्हा त्या चेहऱ्याकडे मान वर करून पाहणेही जड जाई. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ‘तुझा विश्वास कमी पडतो आहे’ असे सांगितले आणि मी ते खरे मानले. तेरेजाने स्वतः काय लिहून ठेवले आहे, ते मी फार उशिरा वाचले.

१८७३ साली फ्रान्समधल्या आलांसाँ येथे जन्मलेली ही मुलगी वयाच्या पंधराव्या वर्षी लिझ्यूच्या कार्मेल मठात, म्हणजे कार्मेल संघाच्या संन्यासिनींच्या मठात, दाखल झाली. १८९६ च्या पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, गुरुवारची मध्यरात्र उलटल्यावर, ती अंथरुणावर पडते न पडते तोच आतून काहीतरी उसळून ओठांपर्यंत आले. दिवा एकदा मालवला होता, म्हणून तो पुन्हा न लावता ती तशीच पडून राहिली आणि सकाळी उठल्यावर तिने रुमाल खिडकीपाशी नेऊन पाहिला. तो रक्ताने माखला होता. क्षयाची ती पहिली खूण पाहून तिला आनंद झाला, कारण जिची लहानपणापासून ओढ होती ती स्वर्गाची वाट आता थोडीच उरली होती. आणि लगेच, त्याच ईस्टरच्या दिवसांत, तो स्वर्गच तिच्या मनातून नाहीसा झाला.

हा काळोख म्हणजे प्रार्थनेतला नेहमीचा रुक्षपणा नव्हता. तो रुक्षपणा तिच्या ओळखीचा होता. आता मरणानंतर काही आहे यावरच घाला पडला होता. काळोख आपल्याला हिणवतो, असे ती लिहिते: मरणाची वाट आनंदाने पाहा, ते तुला तुझी आशा देणार नाही, याहून गडद रात्र देईल, शून्याची रात्र. आपल्यापुढे पडदा नव्हे, आकाशापर्यंत चढलेली भिंत आहे, असेही ती म्हणते. अट्टल जडवाद्यांचे युक्तिवाद आपल्या मनावर चाल करून येतात, असे तिने मठातच असलेल्या आपल्या बहिणीला सांगितल्याची नोंद आहे. यावर तिने केले ते एवढेच की प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना, स्वतःच्या रक्ताने लिहून छातीशी बाळगला. गेल्या एका वर्षात आपण श्रद्धेची जितकी कृत्ये केली तितकी साऱ्या आयुष्यात केली नव्हती, असे ती लिहिते. आपल्या आनंदी कवितांविषयी तिचे म्हणणे असे, की आपल्याला जे मानायचे आहे तेच आपण गातो.

मला सर्वांत हलवून गेली ती तिची मेजाची कल्पना. देव न मानणाऱ्यांविषयी ती दुरून कीव करीत नाही. त्यांच्याच मेजावर बसून दुःखाची भाकर खायला आपण तयार आहोत, देवाची इच्छा होईपर्यंत तिथून उठणार नाही, असे ती लिहिते आणि ‘आम्हां पाप्यांवर दया कर’ अशी प्रार्थना त्यांच्यासह स्वतःसाठीही करते. पुढे ती थांबते. अधिक लिहिले तर देवनिंदा होईल, आधीच जास्त लिहिले गेले असेल, अशी भीती तिला वाटते. ही पाने १८९७ च्या जूनमधली आहेत. जुलैत दौतीत टाक बुडवण्याचेही त्राण राहिले नाही, म्हणून अखेरच्या ओळी पेन्सिलीने लिहिल्या आहेत. ३० सप्टेंबरला, चोविसाव्या वर्षी ती गेली.

हे सारे ‘संतांची परीक्षा’ या दोन शब्दांत गुंडाळून ठेवणे मला पटत नाही. परीक्षा म्हटली की निकाल आलाच, आणि इथे मरणाच्या उंबरठ्यापर्यंत निकाल लागलेला दिसत नाही.

तिचेच नाव घेतलेल्या मदर तेरेसा यांचा काळोख तर याहून किती तरी लांबला. या काळोखाविषयी त्यांनी लिहिलेल्या पत्रांचा एक धागा पुण्याशी जोडलेला आहे. पुण्यात धर्मशास्त्र शिकवणारे येशूसंघीय (जेझुइट) फादर जोसेफ नॉयनर यांच्यापाशी १९६१ मध्ये त्यांनी मन मोकळे केले. यावर माणसाच्या हाती उपाय नाही, पण देवासाठी जीव इतका तहानलेला असणे हीच त्याच्या असण्याची खूण आहे, असे फादरांनी त्यांना सांगितले. अकरा वर्षांत प्रथमच आपण या काळोखावर प्रेम करू लागलो, असे मदरनी त्यांना लिहिले. काळोख मात्र तसाच राहिला. ही पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली.

आई जाऊन आता बरीच वर्षे झाली. रविवारच्या मिस्सात मतांगीकार म्हणताना ‘सार्वकालिक जीवन’ या शब्दांपाशी माझा आवाज अजूनही खाली येतो. पूर्वी मी तिथे गप्प राहत असे. आता डाव्या बाजूच्या त्या पुतळ्याकडे पाहत तेवढे शब्द सर्वांबरोबर म्हणतो.