सूचना ग्रुपवर होती

"सूचना ग्रुपवर टाकली होती, आजी," असे आज सकाळी बडोद्यातील एका शाळेच्या फाटकाशी शिक्षिका पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि आजी आपला बटणांचा साधा फोन पुढे करत होत्या. सहलीची बस निघून गेली होती. नातवाच्या गळ्यात पाण्याची बाटली तशीच लटकत होती.

शिक्षिका उद्धट नव्हत्या, हे सांगायलाच हवे.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये ज्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याच्याच राजधानीत एका साध्या फोनमुळे मूल मागे राहावे, याचे फार वाईट वाटते.

आईवडील पाळीच्या कामावर आणि मूल आजीच्या हाती, अशा घरांसाठी डायरीत दोन ओळी लिहून सही घेण्याची पद्धत चालू ठेवायला काय हरकत आहे?