नळाच्या पाण्यापासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत

आठवी-नववीच्या वर्गांना मी नागरिकशास्त्र शिकवतो. ७३ वी घटनादुरुस्ती आणि ग्रामपंचायतीची कामे मुलांना परीक्षेपुरती पाठ असतात. पण आपल्या वस्तीतली अडचण कोणाकडे, कोणत्या आधारावर मांडायची, हे त्यांना प्रत्यक्ष कामातूनच कळेल अशी माझी धारणा आहे. म्हणून गेल्या वर्षी मी त्यांनाच प्रश्न निवडायला सांगितला आणि त्यांनी गावाच्या टोकाच्या वस्तीतले नळाचे पाणी निवडले.

‘पाणी खराब येते’ एवढ्यावर कोणतेही कार्यालय हलत नाही. कोणत्या नळाचे, कोणत्या वेळचे आणि खराब म्हणजे नेमके काय, हे शोधण्यासाठी उपकेंद्रातील आरोग्यसेवकांनी मुलांना ओटी चाचणी शिकवली. पाण्यात जंतू मारणारे क्लोरीन उरलेले असेल तर औषधाचे थेंब पडताच ते पिवळे होते. टाकीजवळच्या नळाला स्पष्ट पिवळा रंग आला, बाजारपेठेत तो फिकट झाला आणि शेवटच्या वस्तीत आलाच नाही. मुलांनी घर, वेळ आणि रंग यांची वही ठेवली, आणि पुढचे सारे काम त्या वहीच्या बळावर उभे राहिले.

दोष टाकीत औषध मिसळून पाणी सोडणाऱ्या जलसुरक्षकाचाच, असे मुले धरून चालली होती. त्याच्यासोबत टाकीवर गेल्यावर चित्र बदलले. टीसीएल, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पावडर, मिसळल्यानंतर पाणी किमान अर्धा तास टाकीत राहायला हवे. परंतु वीज उशिरा येई, लोक नळापाशी खोळंबलेले असत आणि त्याला पाणी लगेच सोडावे लागे. शिवाय वस्तीकडच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचे पाणी साचत होते. एका मुलीने त्याला विचारले, “काका, तुम्ही हे पंचायतीत सांगितलंत का?” तोंडी सांगितले होते, लेखी कधीच नाही. त्या दिवसानंतर मुलांच्या अर्जातून आरोपाची भाषा गेली आणि मागण्या आल्या: खड्ड्याची दुरुस्ती आणि पाणी सोडण्याच्या वेळेत बदल.

अर्ज ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे देऊन पोच घ्यायची, विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर येतो की नाही ते पाहायचे, हे मुलांनी स्वतः केले. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी, मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. तेव्हा मुले घरोघरी जाऊन आईवडिलांना, विशेषतः त्या वस्तीतल्या बायकांना, सभेला यायला सांगून आली. पोरांना राजकारण कशाला शिकवता, असे काहींनी मला विचारले. आपल्या पिण्याच्या पाण्याविषयी पुराव्यानिशी बोलणे मुलांनी शाळेत शिकू नये, तर कुठे शिकावे?

मुलांना मताचा अधिकार नाही, तरी सरपंचांच्या परवानगीने दोघींनी वही वाचून दाखवली आणि ठराव एका पालकांनी मांडला. पैसे नाहीत, असे उत्तर येताच पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील निधीपैकी ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्यासाठीच राखून ठेवलेला, असल्याचे मुलांनी सांगितले. ठराव इतिवृत्तात नोंदला गेला, हे त्यांनी नंतर वाचून खात्री करून घेतले.

खड्ड्याचे बांधकाम झाले आहे आणि पाणी उशिरा सोडले जाते. वस्तीतल्या बहुतेक नळांना आता पिवळा रंग येतो. गटाराचे काम मात्र पुढील वर्षाच्या विकास आराखड्यात ढकलले गेले आहे. त्याचा अर्ज यंदाची आठवी लिहीत आहे.