१६९ ठिपके

२०२२ च्या श्रावणात सासूबाई गेल्या. ज्या जागी त्यांचा पलंग होता ती जागा चुलतसासूबाईंनी पुसून घेतली, तेथे पिठाचा पातळ थर पसरला, दक्षिणेकडे वात करून दिवा ठेवला आणि दुरडी झाकण्यापूर्वी ते पीठ तळहाताने एकसारखे केले. सकाळी त्यात कशाची पावले उमटली आहेत ते पाहायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. मी शेजारीच बसले होते, आणि त्या क्षणी मनात जे आले ते पुढे कितीतरी दिवस मी कोणाला सांगितले नाही. ते सपाट, पांढरे पीठ पाहून माझी बोटे त्यावर ठिपके घालायला शिवशिवत होती.

सुतकात दारात रांगोळी काढत नाहीत. सांगलीतल्या आमच्या गल्लीत रिकामा उंबरठा पाहिला, की भाजीवालीसुद्धा हाक न घालता पुढे जाते. त्या घरात काय झाले आहे हे कोणाला विचारावे लागत नाही. या रीतीबद्दल माझी तक्रार नाही, उलट ती मला शहाणपणाची वाटते. अडचण एवढीच होती, की ज्या दहा दिवसांत हातांना काहीतरी काम हवे होते, नेमक्या त्याच दहा दिवसांत हे काम बंद होते.

सासूबाईंचे आणि माझे फार गूळपीठ होते, असे म्हणता येणार नाही. बावीस वर्षे एका घरात काढली, त्यांत मोठे भांडण झाले नाही आणि मोठ्या गप्पाही झाल्या नाहीत. आमचे जे काही बोलणे झाले ते बहुतेक पहाटे, अंगणातल्या गेरूने सारवलेल्या चौकोनापाशी. त्या ठिपके घालीत आणि मी वाटी धरून उभी असे. आधी मधली ओळ पंधराची. मग तिच्या वर, दोन ठिपक्यांच्या मधोमध एकेक ठिपका येईल अशी चौदाची, मग तेराची, असे करत आठापर्यंत जायचे आणि मग खालच्या बाजूनेही तसेच उतरायचे. ही 'पंधरा ते आठ'. सगळे मिळून १६९ ठिपके होतात. हा हिशेब त्यांनी कधी केला नव्हता, मी एकदा करून सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "असतील. रेघ जुळली की बरोबर."

रेघ जुळणे ही त्यांची एकमेव कसोटी होती. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत रांगोळी धरायची, हात जमिनीपासून बोटभर वर ठेवायचा आणि चिमूट अगदी किंचित सैल करायची. हात थांबला की तेथे ढीग होतो आणि घाई केली की रेघ तुटते. एखादा ठिपका सरकला असेल तर तो लगेच कळत नाही. कमळाची पाचवी पाकळी येईपर्यंत सगळे ठीक दिसते आणि सहावीला जागाच उरत नाही. मग ओल्या फडक्याने पुसून पुन्हा. त्या पुसताना कधी चडफडल्या नाहीत, याचे मला फार नवल वाटे. मी स्वयंपाकघरात चडफडत असे, आणि कारणे याहून लहान असत.

घाईच्या दिवसांसाठी त्यांनी एक जाड खाकी कागद करून ठेवला होता. त्यावर आखून, पेटत्या उदबत्तीच्या टोकाने एकेक भोक पाडलेले होते. कागद जमिनीवर ठेवून वरून रांगोळी पसरायची, तळहात फिरवायचा आणि कागद अलगद उचलायचा, की ठिपके तयार. भोकांच्या कडा तपकिरी होत्या आणि अनेक वर्षांनंतरही त्या कागदाला उदबत्तीचा मंद वास येई. चातुर्मासात मात्र या कागदाला सुट्टी असे. तेव्हा तुळशीपुढे तेहतीस गोपद्मे काढायची असत आणि ती त्या हातानेच काढीत, गुडघे दुखू लागल्यावर पाटावर बसून.

त्यांच्या आजारपणात मी हे सगळे कागदावर आणले. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून करण्यासारखे काही नसते. फोनवर तेच तेच सांगून जीव शिणतो, जपाला बसावे तर माझे मन स्थिर राहत नाही, आणि वाचायला घेतले तर एकच ओळ चार वेळा वाचली जाते. एकदा औषधाच्या पावतीमागे सहज 'नऊ ते पाच' घातली, म्हणजे एकसष्ट ठिपके, आणि ते जोडत गेले. चाळीस मिनिटे गेली. मन शांत झाले, असे मी म्हणणार नाही. मोजताना पुढचा आकडा डोक्यात ठेवावा लागतो आणि तेवढ्या जागेत दुसरे काही मावत नाही, इतकेच झाले. त्या आठवड्यात तेवढेही पुष्कळ होते.

सुतकात मी त्यांची वही काढली. जुन्या हिशेबाच्या वहीत बॉलपेनने काढलेल्या रांगोळ्या: कासव, करंडे, सहा पाकळ्यांची कमळे, आणि एका पानावर चैत्रांगण, ज्यात पाळण्यातली गौर, सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा हे सगळे दाटीवाटीने बसवलेले होते. काही आकृत्यांखाली 'शेजारून' किंवा 'मिरजेच्या लग्नात' असे लिहिलेले. उंबरठ्यावर बंदी असली तरी कागदावर ती आहे की नाही, हे मी कोणाला विचारले नाही. रात्री सगळे झोपल्यावर दिव्याजवळ बसून रोज एक पान उतरवत गेले. वहीत त्यांची रेघ थरथरू लागलेली जागा ओळखू येते. तेथून पुढच्या पानांवर मीही हळू काढीत होते.

पुण्याला शिकणाऱ्या माझ्या मुलीने हे पाहिले आणि झेनटँगलचे साहित्य पाठवले. रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या दोघांनी अमेरिकेत ही पद्धत बसवली. मारिया थॉमस या सुलेखनकार आहेत. साडेतीन इंचांचा चौकोनी कागद, बारीक काळे पेन, खोडरबर मुळीच नाही, आणि सुरुवातीला चार कोपऱ्यांत पेन्सिलीने चार ठिपके. चार तर चार, ठिपक्यांवाचून त्यांचेही चालत नाही, याची मला गंमत वाटली. मग पेन्सिलीने एक मोकळी रेघ ओढून कागदाचे भाग करायचे आणि प्रत्येक भागात एक साधा नमुना भरत जायचे. मी मनापासून केले आणि त्या नमुन्यांचे डोळ्यांना सुख वाटते, हेही खरे. पण तेथे काय होणार ते आधी ठरलेले नसते, आणि मला त्या दिवसांत ठरलेले हवे होते. पंधरानंतर चौदा. शिवाय तो कागद जपून ठेवायचा असतो. आमच्या दारातल्या रांगोळीवरून दहा वाजेपर्यंत दोन सायकली आणि एक कुत्रे गेलेले असते, आणि उद्या जागा पुन्हा मोकळी मिळते. दोन्हींची तुलना करणे रास्त नाही, हे मला कळते. तरी पेनाची रेघ पुसता येत नाही हे कोणी गुण म्हणून सांगू लागले, की मला ओले फडके आठवते.

तेराव्यानंतर, गोडाचे जेवण झाल्यावर, दुसऱ्या दिवशी पहाटे मी दारात रांगोळी काढली. वर्षभर सण नव्हते, दिवाळीत फराळ शेजारून आला, पण रोजची रांगोळी चुकली नाही. वर्षश्राद्धाला पानांभोवती रांगोळी नसते, भस्माची रेघ असते. ती ओढताना माझा हात सवयीने महिरपीकडे वळला आणि गुरुजींनी नुसते "अंहं" केले.

त्यांचा खाकी कागद गेल्या पावसाळ्यात घडीवर फाटला. मी तसाच दुसरा केला, उदबत्तीनेच, दुपारभर बसून. शेवटच्या ओळीच्या टोकाशी राख झटकताना एक भोक जास्तीचे पडले. आता रोज सकाळी कागद उचलला की १७० ठिपके दिसतात आणि तो एक मी करंगळीने पुसते. नवा कागद करायचा कंटाळा येतो.