बँक म्हणाली घर पुरात आहे, फेमा म्हणाली नाही. माझा फ्लड इन्शुरन्सचा अनुभव

क्लोजिंगला, म्हणजे घराच्या खरेदीच्या शेवटच्या सह्यांना, दहा दिवस राहिले होते आणि बँकेतल्या बाईंचा मेल आला, सब्जेक्टमध्ये नुसतं "फ्लड". अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका छोट्या काउंटीत आम्ही घर घेत होतो, १९७० च्या आसपास बांधलेलं, तिन्ही बाजूला मका आणि सोयाबीन, मागे उतार आणि उताराखाली ओढा. घर बघायला गेलो तेव्हा ऑगस्ट होता, ओढा एका उडीत ओलांडता आला असता. मेलमधल्या फॉर्मवर एका चौकोनात खूण होती, घर स्पेशल फ्लड हझार्ड एरियात, म्हणजे पुराचा जास्त धोका असलेल्या भागात, झोन ए. म्हणजे फ्लड इन्शुरन्स नाही तर कर्ज नाही, विषय संपला.

मी तोपर्यंत असं धरून चाललो होतो की होमओनर्स पॉलिसी, म्हणजे घराचा नेहमीचा विमा, घेतली म्हणजे त्यात पूर पण आला. नाही येत. आग, वारा, गारा येतात, बाहेरून जमिनीवरून आलेलं पाणी येत नाही, त्याची पॉलिसी वेगळी, आणि ती बहुतेक लोक सरकारी योजनेतून घेतात, एनएफआयपी (नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्राम), १९६८ पासून चालू आहे, फेमा ही केंद्र सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था ती चालवते. विकतो मात्र नेहमीचाच इन्शुरन्स एजंट. घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख, आणि सामानाचं कव्हर वेगळं मागावं लागतं कारण बँकेला तुमच्या सोफ्याशी काही देणंघेणं नसतं, तिला तिचं कर्ज सुरक्षित पाहिजे. एरवी पॉलिसी घेतल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, म्हणजे बातम्यांत पाऊस बघून घ्यायला पळालात तर उपयोग नाही, पण कर्जाच्या क्लोजिंगसाठी घेतली तर ती वाट बघायला लागत नाही म्हणून आम्ही वाचलो.

पहिल्या बिलात एक २५० डॉलरचा सरचार्ज दिसला. मला वाटलं असेल काहीतरी टॅक्स, पण बायको बिल ओळ न् ओळ वाचणारी, ती म्हणाली अरे विचार तरी. विचारलं तर कळलं की स्वतः राहतो त्या घराला तो २५ डॉलर असतो, आम्ही इथेच राहणार याचा कागद एजंटच्या ऑफिसने जोडलाच नव्हता. कागद दिला, पैसे परत आले.

मग डोक्यात किडा शिरला की आपण या झोनमधून बाहेर पडायचं. काउंटीच्या ऑफिसात गेलो, तिथे झोनिंगचं, सेप्टिकच्या परमिटचं आणि फ्लडप्लेनचं असं सगळं एकच बाई बघतात, आणि खरं सांगतो या सगळ्या प्रकरणात सगळ्यात कामाचं त्याच बोलल्या. त्यांनी नकाशा काढला आणि दाखवलं की आमच्या ओढ्याला नुसतं ए लिहिलंय, एई नाही. एई म्हणजे शंभर वर्षांच्या पुराचं पाणी किती उंचीपर्यंत येईल ते गणित करून नकाशावर आकडा दिलेला असतो. नुसतं ए म्हणजे ढोबळ रेघ, आकडा नाही. गावाकडच्या छोट्या ओढ्यांना असंच असतं, कारण सविस्तर अभ्यासाला पैसे लागतात आणि ते आधी शहरांकडे जातात. आणि शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांतून एकदा असंही नाही, दरवर्षी एक टक्का शक्यता, ३० वर्षांच्या कर्जात ती २६ टक्के होते, हे गणित मी घरी येऊन स्वतः करून बघितलं.

बाहेर पडायच्या कागदाचं नाव लोमा, लेटर ऑफ मॅप अमेंडमेंट, म्हणजे हे घर नकाशातल्या पुराच्या झोनमध्ये येत नाही असं फेमाचं पत्र. फेमा त्याची फी घेत नाही, पण सर्व्हेयर घेतो. आमच्या भागात दोनच सर्व्हेयर, एक फोन उचलत नाही आणि दुसऱ्याकडे सहा आठवडे वेटिंग. शेवटी आला, राज्याच्या डीएनआरकडून (नैसर्गिक संसाधन खात्याकडून) ओढ्याची पुराची पातळी घेऊनच आला. लोमाला बघतात ते घराला चिकटलेली सगळ्यात खालची जमीन. मी त्याला समोरच्या पायऱ्यांपाशी नेत होतो आणि तो सरळ मागे डेकच्या खांबापाशी जाऊन उभा राहिला, म्हणाला डेक घराला जोडलेलाय ना, मग हा खांबही घरच. तिथे मोजलं तर पुराच्या पातळीपेक्षा अर्धा फूट वर. अर्ध्या फुटाने पास!

शेजारचे म्हातारे शेतकरी तोवर कुंपणाशी येऊन उभे होते. ऐंशीच्या पुढचे, मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणतो. त्यांनी विचारलं काय चाललंय, सांगितलं, तर म्हणाले माझ्या शेडमधली खूण पण मोजा की. शेडच्या एका खांबावर खिळ्याने ओरखडा, शेजारी २००८. त्या जूनमध्ये सीडर रॅपिड्स शहरात सीडर नदी ३१.१२ फुटांवर गेली होती, त्याआधीचा विक्रम २० फुटांचा, म्हणजे एका झटक्यात ११ फूट जास्त. आमचा ओढा त्याच नदीला मिळतो, खाली नदी तुंबल्यावर ओढ्याचं पाणी जाणार कुठे, ते मागे सरकलं. आजोबा म्हणाले तुमच्या बेसमेंटच्या खिडकीतून आत गेलं होतं. ज्यांच्याकडून आम्ही घर घेतलं त्यांनी ते २०१५ ला घेतलेलं, त्यांच्या काळात पाणी आलं नाही, त्यांनी विक्रीच्या फॉर्मवर तसंच लिहिलं होतं, खोटं नाही बोलले बिचारे. सर्व्हेयरने ती खूण फुकटात मोजून दिली, कागदाच्या कोपऱ्यात आकडा लिहिला, मी तेव्हा नीट बघितलापण नाही, माझं सगळं लक्ष त्या अर्ध्या फुटावर.

पुढचं सोपं होतं. काउंटी रेकॉर्डरकडून डीडची (खरेदीखताची) कॉपी, सर्व्हेयरच्या सहीचा फॉर्म, सगळं ऑनलाइन अपलोड केलं. घराखाली भराव टाकलाय का असं विचारतात, टाकला असेल तर वेगळा रस्ता आणि त्याला फी, आमचं नैसर्गिक उंचवट्यावर होतं. पूर्ण कागद मिळाल्यापासून ६० दिवसांत उत्तर देतात, आमचं त्याच्या आत आलं. घर झोनच्या बाहेर. बँकेला तीन फोन करावे लागले (लोमा असला तरी बँक स्वतःच्या मर्जीने इन्शुरन्स मागू शकते, हे पण तेव्हाच कळलं) पण शेवटी सक्ती काढल्याचं पत्र आलं.

मी खुशीत एजंटला फोन केला की आता प्रीमियम किती उतरणार. तो म्हणाला झोनमुळे काहीच नाही. २०२१ च्या ऑक्टोबरपासून नवीन पद्धत आली, त्यात झोन बघतच नाहीत, पाण्यापासून अंतर, पहिला मजला जमिनीपासून किती उंच, घर परत बांधायला किती खर्च, असं प्रत्येक घराचं वेगळं काढतात. एलिव्हेशन सर्टिफिकेट, म्हणजे घराच्या उंचीच्या मोजमापाचा सर्व्हेयरचा कागद, दिलं म्हणून थोडा उतरला तेवढाच. मग विचारलंन, कॅन्सल करायची का, आता कोणी अडवणार नाही.

त्या रात्री मी सर्व्हेयरचा कागद काढून बसलो. २००८ ची खूण डेकच्या खांबाच्या जमिनीपेक्षा ०.९ फूट वर. आणि बेसमेंटची फरशी? ती तर फेमाच्याच पुराच्या पातळीच्या सहा फूट खाली. लोमाला बेसमेंट दिसतच नाही, बाहेरची जमीन वर असली की झालं! बायकोला दाखवलं, ती म्हणाली मग एवढे महिने तू नक्की काय सिद्ध केलंस?

कॅन्सल नाही केली. पण पॉलिसी पूर्ण वाचली, आणि तिथे अजून एक धक्का. बेसमेंटमधला फर्नेस, वॉटर हीटर, इलेक्ट्रिक पॅनेल धरतात, सामानाचं कव्हर असेल तर वॉशर-ड्रायरसुद्धा, पण कार्पेट, भिंतींचं फिनिशिंग, सोफा, पुस्तकं, टीव्ही काहीच नाही. आणि ड्रेनमधून उलटं आलेलं पाणी, बाहेर पूर नसताना, ते या पॉलिसीत बसत नाही, त्याला होमओनर्स पॉलिसीवर वॉटर बॅकअपचं वेगळं कव्हर जोडावं लागतं, ते जोडलं. आधीच्या मालकांनी खाली छान कार्पेट घातलं होतं, ते तसंच आहे, त्यावर आता पिंगपाँगचं टेबल आहे आणि दुसरं काही नाही. पुस्तकांचे सोळा खोके वरच्या बेडरूममध्ये, पाहुणे आले की त्यांच्यामधून वाट काढतात.

२००८ नंतर आयोवा विद्यापीठात फ्लड सेंटर झालं, त्यांनी राज्यभर पुलांना सेन्सर लावलेत. आमच्या ओढ्यावर नाही, पण खालच्या पुलावर आहे. जूनमध्ये सकाळी चहा टाकायच्या आधी मी फोनवर तोच आकडा बघतो. आजोबांना ते दाखवलं तर त्यांनी फोन लांब धरून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, हे रात्री पण चालतं का?