सहीच्या जागी बाहुली

माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत असत आणि आई श्रावण लागला की कोल्हापुरात शाहूपुरीतील कुंभार गल्लीत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायला जात असे. वडिलांचे नाव प्रत्येक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असायचे. आईचे नाव कुठेच नसे; तरीही मिरवणुकीत तिने आखलेले डोळे आम्ही भावंडे लांबूनच ओळखत असू.

मिस व्हॅन या फ्रेंच चित्रकर्तीची भिंतीवरची कामे पाहू लागले, तेव्हा मला आधी ती आखणीच आठवली. ग्राफिटीत, म्हणजे रस्त्यावरच्या भिंती रंगवण्याच्या या कलेत, मूळ महत्त्व नावाला असते. न्यूयॉर्कच्या रेल्वे डब्यांवर पोरे रंगवत होती ती आपापली टोपणनावे. १९७९ च्या सुमारास त्यांच्यात शिरलेली लेडी पिंक ही चित्रकर्तीसुद्धा त्याच वाटेने आली. व्यक्तिचित्र, म्हणजे त्या मंडळींच्या भाषेत ‘कॅरेक्टर’, हे बहुतेक वेळा अक्षरांच्या शेजारी सोबतीला उभे केले जाई. १९७३ मध्ये तुलूझ शहरात जन्मलेल्या मिस व्हॅनने अठराव्या वर्षी भिंती रंगवायला सुरुवात केली आणि नाव लिहिण्याऐवजी एक बाहुली काढली, जी तिची स्वतःचीच प्रतिमा होती. तीच बाहुली वेगवेगळ्या वेशांत गल्लोगल्ली दिसू लागल्यावर वेगळ्या सहीची गरजच उरली नाही. शिवाय स्प्रेच्या डब्यांवर चालणाऱ्या या जगात तिने ॲक्रिलिक रंग आणि ब्रश वापरला, हे पाटी रंगवणाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे मला विशेष भावते.

या बाहुल्यांचे ओठ जाड, अंगे भरलेली आणि पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या असतात. काही स्त्रीवाद्यांनी त्यांवर आक्षेप घेतला आणि तो मला अगदीच गैरलागू वाटत नाही. ओठ आणि अंगलट पुढेपुढे ठरावीक होत गेली आहे. डोळ्यांबाबत मात्र मी ते मान्य करणार नाही. त्या डोळ्यांत आर्जव नाही. समोरच्याला पुरते न्याहाळून झाले असून त्याच्याशी बोलावे की नाही, हे अद्याप ठरायचे आहे, अशी ती नजर असते.

कोल्हापुरात ‘पेंटर’ हा मानाचा शब्द आहे. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव मेस्त्री पुढे बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखले गेले. आमच्या पेठांतील भिंतींवर तालमींची नावे रंगतात, फुटबॉल संघांचे रंग चढतात. पण शिडीवर उभी राहून भिंत रंगवणारी बाई मी लहानपणी एकदाही पाहिली नाही. आई अंधाऱ्या शेडमध्ये, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवून, श्वास रोखून शून्य नंबरच्या ब्रशने पापणीची रेघ ओढत असे, तेव्हा तिला पाहायला कोणी थांबत नसे.

परवा तिला मोबाईलवर मिस व्हॅनचे एक चित्र दाखवले. तिने चष्मा लावला, बोटांनी चित्र मोठे केले आणि म्हणाली, “पापणी जड ठेवलीया, पण ती मुद्दाम. रेघ कुठं हललेली न्हाई.” मग खालचा कोपरा शोधत तिने विचारले, “नाव कुठं घातलंय गं?”

बाहुली हेच नाव आहे, असे मी सांगितले. तिने चित्र पुन्हा वर सरकवले आणि पापणीच पाहत बसली.