घागरभर जैसलमेर

किल्ला म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ओस पडलेला बुरूज, शेवाळलेलं टाकं आणि धापा टाकत केलेली चढण येते. जैसलमेरला यातलं काहीच वाट्याला येत नाही. अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ, हवा पोळ असे चार दरवाजे ओलांडेपर्यंत दोनदा स्कूटरला आणि एकदा गाईला वाट द्यावी लागते आणि वर पोचल्यावर कुणाची तरी वाळत घातलेली चादर तोंडावर येते. रावळ जैसलनं ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर बांधायला घेतलेल्या या किल्ल्यात आजही दोन-तीन हजार माणसं नांदतात. दळण, शाळा, पाहुणेरावळे, सगळं तटाच्या आत.

लोक येतात ते इथला पिवळा दगड बघायला. बघावाच. पण पाण्याच्या मागावर हे शहर फिरलं तर जास्त कळतं. वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस. महाबळेश्वरला जुलैत एवढा एखाद्या दिवसात पडून जातो.

बुरुजाशी उभं राहून दगडांच्या सांध्यावरून बोट फिरवावं. चुन्याचा पत्ता नाही. दगडात दगड अडकवून रचलेले ९९ बुरूज. हे असं टिकलं, कारण वर पाणीच फारसं नव्हतं. बायका गडीसर तलावावरून घागरी आणायच्या, आणि अडीचशे फूट उंचीची टेकडी डोक्यावरून चढून आलेलं पाणी कुणी सांडत नाही. पावसाचं पाणी झटकन खाली उतरावं म्हणून जुन्या लोकांनी ‘घूत नाली’ म्हणतात त्या मोऱ्याही काढून ठेवल्या होत्या. मग नळ आला. त्यामागून हॉटेलं आली, खोलीगणिक शॉवर आणि कमोड आले. टेकडी काही आपल्या सह्याद्रीसारखी एकसंध काळ्या कातळाची नाही. तिच्या पोटात मातीचे आणि चिकणदगडाचे थर आहेत. झिरपलेल्या सांडपाण्यानं ते भिजतात, मऊ पडतात आणि वरचा भार कलायला लागतो. काही बुरूज याआधीच ढासळलेत, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पावसात तटाचा एक भाग खाली आला.

म्हणून मुक्काम किल्ल्याखाली करावा. ‘किल्ल्यात राहिलो’ हे सांगायला बरं वाटतं, पण किल्ल्यात राहिलं की किल्ला दिसत नाही. खालच्या गच्चीवरून सकाळच्या चहाबरोबर तो अख्खा समोर असतो.

सकाळ म्हणजे मात्र इथली सकाळ. जैसलमेर देशाच्या इतकं पश्चिमेला आहे, की डिसेंबरअखेर सूर्य साडेसातच्या सुमाराला उगवतो. सहाला अलार्म लावून बाहेर पडणाऱ्याला काळोख, कुत्री आणि सात-आठ अंशांची थंडी एवढंच मिळतं. आठला निघालं तरी चालतं. आधी किल्ल्यातली जैन मंदिरं उरकावीत, कारण बाहेरच्यांना ती साधारण दुपारपर्यंतच बघू देतात. कातडी पट्टा आणि पाकीट खोलीवरच ठेवावं, नाहीतर दारात पँट सावरत उभं राहायची पाळी येते. संभवनाथ मंदिराच्या पोटात ज्ञानभंडार आहे, तिथे ताडपत्रावरच्या पोथ्या जपल्यात. कोकणात ताडपत्राला बुरशी आणि वाळवी किती दिवस सुखानं राहू देतील, याचा विचार करावा म्हणजे इथल्या कोरड्या हवेची किंमत कळते.

हवेल्यांत गर्दी पटवांच्या हवेलीला. गुमानचंद पटवांनी पाच मुलांसाठी पाच बांधल्या, पहिलीचं काम १८०५ मधलं. गल्ली इतकी अरुंद, की फोटोत एक मजला मावतो आणि मान दुखते. दिवाण नथमलची १८८५ ची हवेली त्या मानानं निवांत. दारात दोन दगडी हत्ती. हाथी आणि लालू या दोघा भावांनी उजवी-डावी बाजू वाटून घेऊन ती कोरली. लांबून दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या. पण दहा मिनिटं एकाच खिडकीसमोर थांबून तिची पलीकडची जोडीदारीण शोधली, की वेलीचं वळण वेगळं निघतं, जाळीतलं फूल वेगळं निघतं.

वाळूसाठी बहुतेक गाड्या ‘सम’ला जातात, शहरापासून चाळीसेक किलोमीटर. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आत मावळतो, तेव्हा साडेतीनला निघावं. समला तंबूंची आणि लाउडस्पीकरची दाटी आहे; शांतपणा हवा असेल तर ‘खुरी’ बरं. उंटाबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असावी. बसलेला उंट उठताना मागचे पाय आधी ताठ करतो, त्यामुळे माणूस थेट त्याच्या मानेवर जाऊ बघतो. त्या क्षणी मागे रेलायचं आणि खोगिराची पुढची खुंटी धरायची. पुढचे पाय सरळ झाले की झटका उलटा बसतो. उतरताना पुढचे गुडघे आधी टेकतात, म्हणजे तेव्हाही मागेच रेलायचं. हसत सेल्फी काढणारे नेमके या दोन वेळी खाली येतात. खोगिरावर जाडी गोधडी आहे ना, तेही बघून घ्यावं. नसली तर दुसऱ्या दिवशीचा प्रवास उभ्यानं.

रात्री मांगणियार, म्हणजे इथले पिढीजात लोकगायक, गायला बसतात, तेव्हा कमायचा हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य वाजवणारा कुणी आहे का ते विचारावं. तो असला तर मायक्रोफोन बंद करायला सांगायची भीड बाळगू नये.

या वाळूच्या पोटातही पाणी आहे. मारवाडीत पाण्याला तीन नावं: पावसाचं ते पालर, खोल विहिरीतलं पाताळ, आणि या दोहोंमधलं रेजाणी. वाळूखाली कुठे कुठे खडियाचा, म्हणजे जिप्समचा पट्टा असतो. मुरलेला पाऊस त्यावर ओलाव्यासारखा अडून राहतो. पाताळपाणी बहुधा खारं, रेजाणी मात्र गोड. त्यासाठी माणूस जेमतेम बसेल एवढ्या रुंदीची ‘कुंई’ खणतात. तिच्यात थेंब थेंब साचून दिवसाकाठी दोन-चार घडे भरतात.

कुलधरा या ओस पडलेल्या गावाकडे जाताना जमलं तर खडीन बघावा. उताराच्या पायथ्याशी मातीचा लांबलचक बांध, चढावरचं पाणी त्यामागे अडतं, मुरतं, आणि ओल राहते तेवढ्या जमिनीत गहू-हरभरा होतो. ही पालीवाल ब्राह्मणांची विद्या. कुलधरा त्यांनी एका रात्रीत सोडलं, दिवाण सालमसिंहाच्या जाचाला कंटाळून, असं प्रत्येक गाइड आवाज खाली आणून सांगतो. अभ्यासक आटलेल्या विहिरी आणि वाढते कर यांकडेही बोट दाखवतात. भुतं बघायला गेलेल्यांची निराशा ठरलेली. याच भागात माळढोक आहे, राजस्थानीत गोडावण. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला जो दिसता दिसत नाही तोच. इथेही दिसेलच असं धरून जाऊ नये.

शेवटची संध्याकाळ गडीसरवर काढावी. चौदाव्या शतकात रावळ गडसीनं हा तलाव नीट बांधून काढला, आणि शहर शतकानुशतकं त्यावर जगलं. तलावाच्या वाटेवरची कमान तिलों नावाच्या गणिकेनं बांधली. राजाला ते रुचलं नाही, तेव्हा तिनं कमानीवर कृष्णाचं मंदिर उभारून टाकलं म्हणतात. मग ती पाडणार कोण? आता तलावात कालव्याचं पाणी सोडतात आणि काठावर पॅडलबोटीचं तिकीट फाडतात. पायऱ्यांशी पावाचा तुकडा पडला की मिशाळ मांगूर मासे एकमेकांच्या अंगावर चढून तोंडं वर काढतात.