शब्दाआधीचा ‘ओ’

१५ वर्षं जर्मनची भाषांतरं करतेय. स्वीडिश त्यामानानं अलीकडचं, दाखले वाचण्यापुरतं. गेल्या पावसाळ्यात एक काका-काकू निथळती छत्री घेऊन दारात उभे राहिले. मुलगी स्वीडनमध्ये, गॉथेनबर्गला नोकरीला. गावच्या जमिनीच्या कुलमुखत्यारपत्रासाठी तिनं बरेच कागद पाठवले होते, त्यातच हा लोकसंख्या नोंदीचा एकपानी उतारा. (तिकडे जन्म-लग्नाची नोंदवही कर खातंच सांभाळतं.)

“ताई, एवढंच बघा.” काकांनी एका शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. गिफ्ट. “मला वाटलं, भेट. भाच्यानं मोबाइलवर घातलं तर विष आलं. ही रात्रभर झोपली नाही.”

मला ओळ दिसली होती, अर्थही कळला होता. पण तोंडून निघाली ती व्युत्पत्ती.

म्हटलं, भाच्यानं जर्मन अर्थ बघितला. जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विषच. मूळ धातू मात्र ‘देणे’: जर्मन ‘गेबेन’, इंग्रजी ‘गिव्ह’. ग्रीकमध्ये देण्याला ‘दोसिस’, आपल्या ‘दान’च्याच घराण्यातला शब्द. त्यावरून औषधाचा डोस आला. या दोसिसच्या धर्तीवर जर्मनमधलं ‘देणं’ही औषधाच्या मात्रेकडे आणि तिथून विषाकडे सरकलं. आपण नाही का म्हणत, अमक्यानं तमक्याला विष दिलं? डचांनी तर वाटणीच केली. शेवटी ‘त’ असेल तर देणगी, नसेल तर विष. जर्मनमध्ये जुना अर्थ उरला तो ‘मिटगिफ्ट’मध्ये. म्हणजे हुंडा.

“हुंड्यात विष? बरोबरच आहे,” काकू म्हणाल्या.

मी हसले. आणखी दोन मिनिटं मिळाली. जुन्या इंग्रजीकडे वळले, तर तिथं हाच शब्द वधूमूल्यासाठी. कुठल्याही फांदीवरून गेलं तरी मी लग्नाच्या मांडवातच उतरत होते.

काकांनी चष्मा काढला. “स्वीडिशमध्ये काय, ते सांगा.”

“तिथं उच्चार यिफ्त. गॉथेनबर्गला ते योतेबोरी म्हणतात ना, तसाच ‘ग’चा ‘य’ होतो. विष हा अर्थ तिथंही आहे.” मी थांबले. “पण माणसाच्या नोंदीत असेल तर... दिलेली. आपल्या कन्यादानातल्यासारखी. विवाहित.”

पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

“पण आम्ही कुठं दिली?” काकू म्हणाल्या.

याला माझ्याकडे कुठल्याच भाषेत उत्तर नव्हतं. बऱ्याच वेळानं काकांनी विचारलं, “लग्न झालं नसेल तर काय लिहितात?”

“ओयिफ्त. आधी फक्त एक ‘ओ’ लागतो.”

काकांनी चष्मा पुन्हा चढवला, कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि त्या शब्दाआधीच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून बघत राहिले.